पुराच्या वाड्यात हलगी

प्रश्न : सांगलीच्या गावभागातल्या जुन्या दुमजली वाड्यात लोककला केंद्र करतोय. वाद्यं कुठे, सराव कुठे?

उत्तर : वाद्यं वरच. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. वाड्याच्या भिंतीवर त्या पुराची खूण शोधा आणि विजेचे बोर्डही तिच्या वर घ्या. लेझीम, गजनृत्य मात्र खाली चौकातच. एका ठेक्यात पडणारी पावलं जुन्या तुळयांना सोसत नाहीत. भिंतींना सिमेंटचा गिलावा अजिबात नको, ओल आत कोंडते, चुन्याचाच करा. पावसाळी हवेत हलगीचं कातडं सैल पडतं, आवाज बसतो. म्हणून ती शेकायला चौकात, लाकडी खांबांपासून लांब, फरशीवर हक्काची जागा ठेवा. आराखड्यात हीच हमखास राहून जाते.