महाराष्ट्र लाव्हाचा, मग ज्वालामुखी कुठे आहे?

तुमच्या सातवीतल्या मुलीने विचारलंय, "महाराष्ट्र लाव्हाचा बनलाय असं बाई सांगतात, मग तो ज्वालामुखी कुठे आहे?" तुम्ही सह्याद्रीकडे बोट दाखवलंत, तर ती म्हणाली, "त्याला तोंडच नाही." पोरीचं बरोबर आहे. सह्याद्री म्हणजे साचलेल्या लाव्हाच्या पठाराची पश्चिमेकडची झिजलेली कड.

शंकूसारखा डोंगर शोधूच नका. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि मुख्यतः त्यांतूनच पातळ लाव्हा पुरासारखा पसरला. असं आजही घडतं. आइसलँडमध्ये 1783 साली लाकी इथे सुमारे 27 किलोमीटरच्या भेगेतून आठ महिने लाव्हा वाहत होता. त्याच देशात 2021पासून झालेल्या उद्रेकांचे व्हिडिओ तिला दाखवा. जमीन उसवल्यासारखी फाटते आणि आगीची भिंत उभी राहते. आपल्याकडे हे कितीतरी मोठ्या प्रमाणावर आणि पुन्हा पुन्हा झालं. आज उरलेला लाव्हाच सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर आहे.

आता तोंड कुठे? धुळे-नंदुरबारकडे गेलात तर सपाट रानात साधारण पूर्व-पश्चिम धावणाऱ्या अरुंद, सरळ टेकड्या दिसतात, कुणी तट बांधावा तशा. भेगेत उरलेला लाव्हा तिथेच थिजला, भोवतालचा खडक झिजला आणि भरलेली भेग उघडी पडली. भूशास्त्रात त्याला डाइक म्हणतात. यातल्या प्रत्येकीतून लाव्हा वरपर्यंत आलाच असेल असं नाही, पण ज्वालामुखीच्या तोंडाच्या सर्वांत जवळचं काही दाखवायचं तर मी हेच दाखवेन. लोणार मात्र दाखवू नका. ते विवर उल्कापाताने, या लाव्हाच्या खडकातच पडलेलं आहे. ही गल्लत मोठी माणसंही करतात.

शाळेतल्या मुलांना घेऊन मी बरीच वर्षं घाटात फिरतोय. पहिलं काम एकच देतो: समोरच्या डोंगराच्या पायऱ्या मोजा. या लाव्हाच्या थरांना भूशास्त्रात डेक्कन ट्रॅप म्हणतात, त्यातला 'ट्रॅप' हा शब्दच स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आलाय. लाव्हाच्या थराचा घट्ट काळा कातळ उभा कडा धरून राहतो. वायूच्या बुडबुड्यांनी भोकं पडलेला, विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो खडक लवकर झिजतो आणि तिथे उतार होतो. त्या भोकांत पुढे पाण्यातून खनिजांचे स्फटिक वाढले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते पाहताना मुलं हलायला तयार नसतात.

दोन थरांमध्ये कधीकधी विटकरी लाल पट्टा दिसतो. तिथे थांबाच. माझ्या मते सगळ्या धड्यात मोलाची जागा ही. बहुतेक ठिकाणी आधीच्या थराच्या माथ्यावर ऊन-पाऊस लागून माती झाली आणि मग तिच्यावर नवा लाव्हा आला. म्हणजे मध्ये खूप काळ शांत गेला होता. मुंबईत वरळीला अशाच दोन थरांमधल्या गाळात बेडकांचे जीवाश्म सापडलेत. वर-खाली लाव्हा आणि मधल्या काळात तिथे पाणी, त्यात बेडूक! हे सांगितलं की वर्ग एकदम गप्प होतो.

एक दुरुस्ती बाईंपर्यंतही पोचवा. सगळा महाराष्ट्र लाव्हाचा नाही. चंद्रपूरचा दगडी कोळसा, गडचिरोली आणि सिंधुदुर्गातले कितीतरी खडक याहून फार जुने आहेत.

प्रकल्पासाठी सोडा-व्हिनेगरचा शंकू करू नका, त्याने चुकीचंच चित्र डोक्यात बसतं. पसरट खोक्याच्या तळाला लांब चीर पाडा. शाडू माती पातळ कालवून जाड पिशवीत भरा, पिशवीचा कोपरा कापा आणि चिरेतून खालून वर दाबा. थर पसरला की सुकू द्या, वर चिमूटभर गेरू भुरभुरा, मग पुढचा थर. मधल्या एखाद्या थराच्या मिश्रणात भुसा घाला, तो आपला मांजऱ्या. चार थर झाले की एक कड सुरीने उभी कापा आणि ओल्या ब्रशने घासत राहा. भुशाचा थर आधी आत जाईल आणि पायरी तिच्याच हाताखाली तयार होईल.