पहिला ट्यूब अँप किती वॉटचा करावा?

प्रश्न: गिटारसाठी घरीच ट्यूब अँप बनवायचाय. सोल्डरिंग जमतं, पेडल बनवलीयेत. डोक्यात दोन ईएल३४ (पॉवर ट्यूब) आणि ५० वॉट आहेत कारण अधूनमधून ड्रमवाल्या मित्राबरोबर वाजवतो, पण घरी वाजवतानाही अँपचंच डिस्टॉर्शन हवंय. कुठल्या ट्यूब घेऊ?

उत्तर: ५० वॉट आत्ता नकोच. तुम्हाला हवंय ते डिस्टॉर्शन बरंचसं पॉवर ट्यूबवर, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या ट्यूबवर, पूर्ण ताण आला की येतं, आणि ५० वॉटचा अँप तिथपर्यंत नेला तर घरात कुणाला थांबू देणार नाही. शिवाय वॉट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलच वाढतो, कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात, म्हणजे १५ आणि ५० मधला फरक आकड्यात दिसतो तेवढा ऐकायला येत नाही. त्यापेक्षा स्पीकर नीट निवडा, ९७ च्या जागी १०० डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा (एका वॉटला स्पीकर किती मोठा वाजतो ते) लावला की वॉट दुप्पट केल्यासारखंच झालं, आणि हे बरेच जण बघतच नाहीत!

माझं ऐकाल तर दोन ईएल८४ घ्या, पुश-पुल (दोघी आळीपाळीने सिग्नल ओढतात), कॅथोड बायस, म्हणजे बायस (ट्यूबमधला स्थिर करंट) सेट करत बसायला नको. साधारण १५ वॉट मिळतात, व्हॉक्स एसी१५ मध्ये हीच जोडी असते, ड्रमबरोबर पुरतं, फक्त एकदम क्लीन आणि मोठा आवाज मागाल तर कमी पडेल. घरासाठी मास्टर व्हॉल्यूम टाका, म्हणजे पॉवर ट्यूबकडे जाणारा सिग्नल कमी करणारा नॉब; कमी आवाजात डिस्टॉर्शन मग प्रीअँपमधून, म्हणजे सिग्नल आधी वाढवणाऱ्या ट्यूबमधून येतं. ड्रमवाला मित्र नसता तर एकच ६व्ही६ सांगितली असती, फेंडर चॅम्पसारखी, ५ वॉट, तीसुद्धा बंद खोलीत भरपूर होते.

प्रीअँपला १२एएक्स७. गेन जास्त वाटला तर त्याच सॉकेटमध्ये १२एवाय७ बसते.

ट्रान्सफॉर्मर मात्र ट्यूब ठरल्यावरच घ्या. दोन ईएल८४ ला आउटपुट ट्रान्सफॉर्मर (ट्यूब आणि स्पीकर जुळवणारा) साधारण ८ किलोओहम प्लेट-टू-प्लेट, म्हणजे दोन्ही ट्यूबच्या आउटपुट टोकांमध्ये, लागतो. हीटरला (ट्यूब तापवणाऱ्या तारेला) ६.३ व्होल्टवर एक ईएल८४ ०.७६ अँपियर खाते आणि १२एएक्स७ ०.३, तीन १२एएक्स७ धरल्या तर अडीचच्या जवळ जातं, म्हणून पॉवर ट्रान्सफॉर्मरचं हीटर वाइंडिंग ३ अँपियरच्या खाली घेऊ नका.

आणि एक, पेडल ९ व्होल्टवर चालतं, इथे ३०० च्या वर असतात आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये राहतात. ते रिकामे करणारा ब्लीडर रेझिस्टर लावाच, तरी दर वेळी मीटरने मोजून मगच आत हात घाला, आणि स्पीकर न जोडता अँप कधीच चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.