‘पीडिता’, ‘बळी’ की आणखी काही?

प्रश्न कोथरूडच्या एका ताईंचा आहे. त्या समुपदेशन केंद्रात काम करतात. केंद्राचं माहितीपत्रक मराठीत करायला घेतलं आणि ‘व्हिक्टिम’पाशी गाडी अडली. ‘पीडिता’ लिहायचं की ‘बळी’? आणि हल्ली ज्यांना ‘सर्व्हायव्हर’ म्हणतात त्यांना मराठीत काय म्हणायचं? शेवटी त्यांनी लिहिलंय, ‘आमच्याकडे येणाऱ्या बायकांना पीडिता म्हटलेलं आवडत नाही.’ मला हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

आधी ‘बळी’. मराठीत दोन बळी आहेत. एक संस्कृत ‘बलि’ म्हणजे देवाला वाहिलेला नैवेद्य, देवापुढे कापलेला प्राणी. दुसरा ‘बलिन्’ म्हणजे बलवान. ‘बळी तो कान पिळी’ या म्हणीतला बळी हा दुसरा. याच म्हणीत ‘पीडित’ही दडलेला आहे, कारण पिळणं आणि पीडा हे दोन्ही शब्द ‘पीड्’ या एकाच धातूतून आले. दाबणं, चिरडणं, पिळून काढणं हा त्याचा अर्थ. म्हणजे म्हणीतला बळी कान पिळतो आणि ज्याचा कान पिळला जातो तो पीडित. बातमीतला बळी मात्र पहिला, वेदीवरचा.

या वेदीवरच्या बळीला मराठीने जी क्रियापदं जोडली, तिथे खरी अडचण आहे. ‘बळी घेतला’, ‘बळी दिला’ म्हटलं की घेणारा किंवा देणारा दुसरा कोणी असतो. पण ‘बळी पडली’ म्हटलं की पडणारी तीच. हाच वाक्प्रचार आपण कुठे कुठे वापरतो बघा: मोहाला बळी पडला, व्यसनाला बळी पडला, आमिषाला बळी पडली. सगळीकडे मन कच्चं असल्याचा ठपका आहे. त्यामुळे ‘अत्याचाराला बळी पडली’ असं लिहिलं की तिचाही पाय कुठेतरी घसरला असणार, हे वाचणाऱ्याच्या मनात न सांगता उतरतं. जी जिवंत आहे, उद्या कामावर जाणार आहे, तिच्यासाठी हा शब्द वापरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. अपघातातल्या मृतांपुरता तो राहू द्या.

‘पीडित’ मुळात निर्दोष आहे. दुसऱ्याने केलेल्या कृतीची नोंद करणारं ते विशेषण. ‘पीडित महिला’, ‘पीडित कुटुंब’ यात महिला उरते, कुटुंब उरतं. ‘पीडिता’मध्ये फक्त पीडा उरते. मराठीत हे रूप हिंदी बातम्यांमुळे रुळलं, आणि माझ्या मते त्याला कायद्याचाही हातभार लागला. लैंगिक गुन्ह्यात जिच्यावर अन्याय झाला तिचं नाव छापता येत नाही, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये ती मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. पण नावाची जागा रिकामी राहिली, तिथे ‘पीडिता’ येऊन बसली आणि नावासारखीच चिकटली.

आता ‘सर्व्हायव्हर’. ‘वाचलेली’ चालणार नाही. मराठीत ‘थोडक्यात वाचली’ म्हणजे अनर्थ टळला. ‘अत्याचारातून वाचलेली’ म्हटलं तर अत्याचार झालाच नाही असा अर्थ निघेल. ‘सावरलेली’मध्ये सक्ती आहे, जी अजून सावरली नाही तिने काय करायचं? ‘उत्तरजीवी’ म्हणजे जिवंत राहिलेली. या शब्दाचा भाऊबंद ‘उत्तरजीविता’ विम्याच्या कागदांत भेटतो, तिथेच शोभतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये लिंगभावाच्या साचेबंद भाषेबद्दल पुस्तिका काढली. तिच्यातही ‘व्हिक्टिम’ आणि ‘सर्व्हायव्हर’ दोन्ही चालतील, त्या व्यक्तीला जो शब्द हवा त्याचा मान राखा, असंच सांगितलंय.

‘पूरग्रस्त’मधला ‘ग्रस्त’ही पर्याय म्हणून सुचेल, त्या शब्दाबद्दल जरा सविस्तर लिहितो. ग्रस्त म्हणजे गिळलेला. पंचांगात ग्रहणाचा स्पर्श, मध्य आणि मोक्ष देतात. ग्रस्त झालेला चंद्र सुटतो, हे त्या शब्दाच्या घरातच गृहीत आहे. पुण्याने तर हा शब्द जवळून पाहिला आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटलं, पेठा पाण्याखाली गेल्या आणि पुढे गोखलेनगर, सहकारनगरसारख्या भागांत पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या. माझी मावशी त्यातल्याच एका घरातली. ‘आम्ही पूरग्रस्त’ हे ती आजही ताठ मानेने सांगते. ‘नदीकाठी राहायला कशाला गेला होतात?’ असं तिच्या वडिलांना कुणी विचारलं नाही.

याच मावशीचं मंगळसूत्र काही वर्षांपूर्वी तळजाईच्या रस्त्यावर सकाळी फिरताना हिसकावलं गेलं. गळ्यावर लाल वळ उठला होता. दारात जमलेले लोक विचारत होते, ‘काकू, पदराखाली घ्यायचं नाही का?’, ‘एवढ्या पहाटे एकट्या कशाला गेलात?’ आणि मीही म्हणालो, ‘मावशी, तू घालून गेलीसच का?’ ती खाली मान घालून बसली. पुराबद्दल मोठ्याने बोलणारी बाई या चोरीबद्दल कुजबुजत होती.

मग चौकीत तिची फिर्याद लिहून घेतली. पोलिसी मराठीला आपण नावं ठेवतो, पण त्या कागदावरचं वाक्य मला अजून पाठ आहे: ‘दोन अनोळखी इसमांनी मोटारसायकलवरून येऊन माझे गळ्यातील मंगळसूत्र हिसका मारून जबरदस्तीने चोरून नेले.’ पहाट नाही, पदर नाही. ज्यांचं नाव माहीत नाही, चेहरा दिसला नाही, त्यांनाही त्या वाक्याने ‘इसमांनी’ म्हणून कर्त्याच्या जागी उभं केलं होतं. ‘माझे सांगण्याप्रमाणे बरोबर आहे’ या ओळीखाली मावशीने सही केली तेव्हा तिचा हात थरथरत नव्हता. कागदावर तिच्यासाठी शब्द होता ‘फिर्यादी’. फारसी ‘फर्याद’ म्हणजे मदतीसाठी मारलेली हाक. ज्याने हाक मारली तो फिर्यादी. या शब्दात ती व्यक्ती स्वतः काहीतरी करते.

याउलट ‘अब्रू लुटली’ बघा. आब म्हणजे पाणी, तेज आणि रू म्हणजे चेहरा. गुन्हा त्याने केला आणि तेज तिच्या चेहऱ्यावरचं गेलं? ‘विनयभंग’ तर अजून कायद्याच्या मराठीत आहे. विनय कुणाचा सुटला, याचा विचार केला तर भंगलेला विनय तिचा म्हणवत नाही. शक्य असेल तिथे ‘त्याने तिचा हात धरला’, ‘त्याने मारलं’ असं घडलं तेच लिहावं.

तर ताई, तक्रार नोंदवलेल्या व्यक्तीला ‘फिर्यादी’ म्हणा. अहवालात, अर्जात सरकारी शब्द लागेलच, तिथे ‘पीडित व्यक्ती’ लिहा, ‘पीडिता’ नको. माहितीपत्रक मात्र त्या बाईच्याच हातात पडणार आहे. तिथे तिच्याबद्दल बोलू नका, तिच्याशी बोला. पुण्यातल्या नारी समता मंचाच्या केंद्राचं नाव आठवा: ‘बोलते व्हा’. त्यात पीडिता नाही, बळी नाही, सर्व्हायव्हरही नाही, तरी कुणाला म्हटलंय ते कळतं. तुमची पहिली ओळ अशी करता येईल: ‘तुम्हाला कुणी मारलं असेल, धमकावलं असेल, तर आमच्याकडे या. काय घडलं ते तुमच्या शब्दांत सांगा.’