गणपतीआधी बाकाला रंग मारून घेऊ का?

प्रश्न: आमच्या ओट्यावर सासऱ्यांच्या वेळचं सागवानी बाक आहे. उन्हापावसाने पार करडं पडलंय, जुना ऑइलपेंट पापुद्र्यांनी निघतोय. गणपतीत सगळे त्यावरच बसतात. पेंटर म्हणतो दोन दिवस उघडीप मिळाली की दोन हात मारून देतो. मारून घेऊ का?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर: ताई, अजिबात घाई करू नका. उघडीप मिळाली म्हणजे लाकूड वाळलं असं नसतं, वरून कोरडं लागतं पण आत ओल असतेच, आणि श्रावणात बडोद्याची हवा इतकी दमट की ती लवकर बाहेर पडत नाही, त्यात वरून ऑइलपेंट मारला की ओल आत कोंडते, मग कडक ऊन पडलं की रंगाला फोड येतात आणि पापुद्रे पुन्हा सुरू. लाकडातली ओल साधारण १५ टक्क्यांच्या खाली यायला हवी. मीटर नसेल तर रात्री बाकावर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांना टेप लावून चिकटवा, सकाळी आतून घाम धरलेला दिसला तर थांबायचं.

खरं काम त्या करड्या थराचं आहे. बोट घासून बघा, भुकटी लागेल. उन्हाने लाकडाचे धागे धरून ठेवणारं लिग्निन संपलेलं असतं, त्यावर कितीही महागाचा रंग मारा, भुकटीसकट निघणार! म्हणून ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, आतला तपकिरी साग दिसेपर्यंत घासा. हे आत्ताही करता येईल, फक्त आडोशाला. जुन्या रंगात शिसं असू शकतं (रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली), त्यामुळे मास्क लावाच, पेपर ओला करून घासा, आणि पोरांना लांब ठेवा.

यंदा गणपतीत वर सतरंजी टाका, छान दिसेल.

रंग दसऱ्यानंतर, पाऊस गेला की. सागात तेल असतं म्हणून आधी थिनरच्या फडक्याने पुसा, मग प्रायमर, मग पातळ दोन हात, मध्ये एक रात्र जाऊ द्या. सकाळी दव उडाल्यावर सुरू करून दुपारी तीनपर्यंत आटपा, ओल्या रंगावर दव पडलं की चमक जाते. आणि पेंटरला बाक उलटं करायला लावा, पायांच्या तळाशी कापलेले धागे उघडे असतात, पाणी तिथूनच वर चढतं. तिथे प्रायमरचे तीन हात द्या.