तारीख नंतर, आधी मिश्री बंद

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल पत्रं बरीच आली आहेत, पण गोंधळ तोच तो. ऑपरेशन कुठलं, टाके किती, खर्च किती, हे सगळे विचारतात. त्याआधीच्या सहा-आठ आठवड्यांत आपण काय करायचं, हे मात्र कुणी विचारत नाही. म्हणून या वेळी तयारीचेच प्रश्न घेतले आहेत.

माझं वजन ९८ किलो आहे. मी ऑपरेशनला बसतो का? (नाशिक)

उंची लिहायला विसरलात. १७५ सेंटिमीटर उंचीला ९८ किलो म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३२. १५० सेंटिमीटरला तेवढंच वजन म्हणजे साडेत्रेचाळीस. सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ साली सुधारलेल्या निकषांनुसार ३५ च्या पुढे शस्त्रक्रिया सुचवतात. मधुमेहासारखा आजार असेल तर ३० पासून विचार होतो आणि आपल्यासारख्या आशियाई लोकांसाठी साडेसत्तावीसपासून. पण नुसत्या आकड्यावर कुणी टेबलावर घेत नाही. थायरॉइड, हृदय, जठराची एंडोस्कोपी, मनःस्थिती हे सगळं पाहावं लागतं. सर्जनला प्रत्यक्ष भेटा.

पोटावरची चरबी मशीनने ओढून काढतात, तेच ना हे? (जालना)

नाही. ते लायपोसक्शन. ही शस्त्रक्रिया जठरावर होते. तिच्या स्लीव्ह नावाच्या प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून कायमचा काढून टाकतात.

मेडिक्लेम मिळेल का? हॉस्पिटलचा माणूस म्हणतो, "शंभर टक्के कॅशलेस". (ठाणे)

तो माणूस पैसे देणार नाही, कंपनी देणार आहे. विमा नियामकाने २०१९ साली घालून दिलेल्या अटी अशा: वय निदान १८, डॉक्टरांचा लेखी सल्ला, आणि बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त, अथवा ३५ किंवा त्याहून जास्त असून सोबत गंभीर स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडकणं), हृदयविकार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह, आणि आधीचे साधे उपाय फसलेले. म्हणजे बीएमआय ३१ असताना डॉक्टर हो म्हणतील आणि कंपनी नाही म्हणेल, हे शक्य आहे. शिवाय पॉलिसीत प्रतीक्षाकाळ असू शकतो. आहारतज्ज्ञांच्या जुन्या चिठ्ठ्या फेकू नका आणि मंजुरी कंपनीकडूनच लेखी घ्या.

ऑपरेशनआधी दोन आठवडे मोजका, पातळ आहार सांगितलाय. मधे नवरात्र आहे. उपवासाचं थोडं खाल्लं तर चालेल? (सातारा)

साबुदाण्याची खिचडी, बटाटा, वेफर्स हा तुमचा उपवास असेल तर नाही. हा आहार वजनासाठी कमी आणि यकृतासाठी जास्त असतो. लठ्ठपणात यकृत चरबीने फुगतं आणि त्याचा डावा भाग नेमका जठरावर येऊन बसतो. दुर्बिणीतून काम करताना तो उचलून धरावा लागतो. मोठं, ठिसूळ यकृत उचलताना रक्त येतं, कधी ऑपरेशन अर्ध्यावर थांबवावं लागतं. पिष्ट पदार्थ कमी केले की पंधरा दिवसांत ते बऱ्यापैकी आक्रसतं. देवीला पुढच्या वर्षी दुप्पट उपवास करा.

मधुमेह असेल तर हा आहार मनाने सुरू करू नका. इन्सुलिन आणि साखरेच्या काही गोळ्यांचे डोस त्याच दिवशी कमी करावे लागतात. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी नावं तुमच्या पाकिटावर असतील तर ती गोळी ऑपरेशनच्या निदान तीन दिवस आधी बंद करतात, कारण कमी खाण्याच्या काळात तिच्यामुळे रक्तात आम्ल साठू शकतं, तेही साखर फारशी वाढलेली नसताना. कधी थांबवायची, ते मधुमेहतज्ज्ञांना विचारा.

आईचं वजनासाठी जठराचं बायपास ठरलंय. विडी-सिगारेट काही नाही, फक्त सकाळ-संध्याकाळ मिश्री लावते. तेही डॉक्टरांना सांगावं लागेल का? (कोल्हापूर)

लागेल. हे उत्तर लांबणार आहे, कारण माझी सगळ्यात मोठी काळजी हीच आहे.

"तंबाखू खाता का?" असं विचारलं की कितीतरी बायका "नाही" म्हणतात. त्या खोटं बोलत नसतात. त्यांच्या लेखी मिश्री म्हणजे दात घासणं. पण ती आहे भाजून कुटलेली तंबाखू. हिरडीतून निकोटीन रक्तात उतरतं, धूर असो वा नसो.

बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाची छोटी पिशवी करून तिला लहान आतडं जोडतात. तो जोड भरून यायला रक्तपुरवठा लागतो आणि निकोटीन त्याच बारीक रक्तवाहिन्या आवळतं. पुढे जोडावर अल्सर होतो. कुणाला नुसती पोटदुखी, कुणाला रक्तस्राव, तर कुणाचा अल्सर फुटतो आणि रात्रीतून पुन्हा पोट उघडावं लागतं. हे पहिल्या महिन्यातच होतं असं नाही. वर्ष-दोन वर्षांनी, वजन उतरलंय, साड्यांचे ब्लाउज सैल झालेत, "आता काय होतंय" म्हणून मिश्रीची डबी परत बाहेर आलीय, अशा वेळीही होतं. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनच्या गोळ्या त्यात भर घालतात. आई त्या घेत असेल तर तेही सांगा.

मिश्री, मावा, गुटखा, चुना-तंबाखू, विडी, ई-सिगारेट, सगळं निदान सहा आठवडे आधी बंद आणि नंतर कायमचं बंद. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, तरी पुडी कुठल्या टपरीवर मिळते हे पेशंट मला बिनचूक सांगतात. काही ठिकाणी लघवीत कोटिनिन तपासतात, त्यातून निकोटीनचा माग लागतो. ही तपासणी चुकवायचे घरगुती उपाय फोनवर फिरतात. त्याने फसते ती तपासणी. जोड फसत नाही. सवय सोडायला निकोटीनचं च्युइंगगम वापरत असाल तर आधी कळवा, त्यानेही तपासणी पॉझिटिव्ह येते.

"मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही" हेही नेहमीचं. बद्धकोष्ठावर औषधं आहेत. आईला सगळ्या घरासमोर विचारू नका. डॉक्टरांशी तिला एकटीला बोलू द्या. सोडवत नसेल तर राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-११२-३५६ आहे. आणि तारीख? मिश्री सुटल्यावर सर्जन नवी देतील.

मिस्टर फार घोरतात, मधेच श्वास अडकतो. वजन उतरलं की थांबेलच, मग झोपेची तपासणी नंतर केली तर? वर्षभर टाळतोय. (पनवेल)

वर्षभर! भूल आणि त्यानंतरची वेदनाशामकं याच श्वासावर परिणाम करतात. तपासणी आधीच व्हायला हवी; स्लीप अ‍ॅप्निया गंभीर निघाला तर झोपेत हवेचा दाब देणाऱ्या सीपॅप मशीनची सवय ऑपरेशनपूर्वी लावतात. या आठवड्यात छातीच्या डॉक्टरांकडे जा.

महिनाअखेरपर्यंत पैसे भरले तर पॅकेजवर चाळीस हजार सूट आहे. भरू का? (पुणे)

तुमच्या तपासण्या झाल्यात का? आहारतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ भेटलेत का? पत्रात तरी उल्लेख नाही. तपासण्यांआधी पैसे घेणारा तुमच्या शरीराचा विचार करत नाहीये. पॅकेजमध्ये पुढच्या वर्षांच्या रक्ततपासण्या, बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व यांचा खर्च धरलाय का, हे विचारा आणि दुसऱ्या सर्जनचं मत घ्या.

दर आठवड्याला वजनाचं इंजेक्शन घेते. भूलतज्ज्ञांना सांगू का? (मडगाव)

हो, तारीख ठरवतानाच. त्याने जठर उशिरा रिकामं होतं आणि भूल देताना आतलं अन्न फुप्फुसात जाऊ शकतं. पुढचा डोस घ्यायचा की नाही, ते भूलतज्ज्ञ ठरवतील.