आजोबांच्या पुंगळ्यांमधल्या जिवंत टोप्या घरच्या घरी काढता येतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दादरची चाळ पुनर्विकासाला जाणार म्हणून खोली रिकामी करताना पोटमाळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांच्या नऊ पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची पितळी कवचं, सापडल्या. पुढे गोळी नाही, आत दारू नाही, पण मागच्या टोपीवर ठोकल्याची खूण नाही. त्यांचा टेबल लॅम्प करायचाय, तर टोप्या सुरक्षित कशा काढाव्यात?

काढू नका. अर्धं आयुष्य शस्त्रागारात आर्मरर म्हणून, म्हणजे शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करण्यात, काढलंय, आणि तरीही हे काम मी माझ्या घरात करणार नाही.

तुम्ही टाकलेल्या फोटोत तळावर 'के एफ', '४३' आणि रोमन सात दिसतात. म्हणजे खडकीच्या कारखान्यातलं, १९४३ सालचं, थ्री नॉट थ्री रायफलचं काडतूस. टोपीभोवती जांभळट कडं दिसतंय ना, तो लाखेचा रंग. ही तीच थ्री नॉट थ्री, जी २००८ च्या २६/११ ला सीएसएमटीवर आपल्या पोलिसांच्या हातात होती.

आता टोपी म्हणजे काय ते समजून घ्या, म्हणजे माझी भीती कळेल. धातूची चिमुकली वाटी, तिच्या तळाशी चिमूटभर मसाला. बंदुकीची पिन वाटीवर आदळते, मसाला समोरच्या ऐरणीवर चिरडतो आणि ज्वाळ भोकातून दारूपर्यंत जाते. अख्ख्या काडतुसात धक्क्याला सगळ्यात हळवा भाग हाच. उघड्यावर थोडी दारू पेटली तर ती भसकन जळते. टोपी मात्र फुटतेच. गोळी आणि दारू गेली म्हणजे 'रिकामी' झाली असं आपण म्हणतो, पण ठिणगी पाडणारा भाग अजून शाबूत आहे.

यूट्यूबवर तुम्ही पाहिलेले व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतले असणार. तिकडे लोक घरी काडतुसं भरतात. जिवंत टोपी काढायची वेळ आली तर चष्मा घालून, एकेक पुंगळी प्रेसमध्ये (काडतुसं भरायच्या दाबयंत्रात) धरून, हिसका न देता दाब देत मधल्या भोकातून सुईने ढकलतात. ते जमतं, कारण त्यांच्या पुंगळीला मध्ये एकच भोक असतं आणि ऐरण टोपीतच बसवलेली असते. ही बॉक्सर पद्धत. तुमच्या खडकीच्या पुंगळीत बर्डन पद्धत आहे: ऐरण पुंगळीच्याच तळाचा भाग, आणि भोकं दोन, बारीक, बाजूला. तोंडातून टॉर्च मारून पाहा, मधोमध भरीव पितळ आणि दोन्हीकडे टाचणीएवढे ठिपके दिसतील. इथे मधून सुई ठोकली तर ती भरीव पितळावर आदळणार, आणि त्याच्या पलीकडे लगेच मसाला. (गंमत म्हणजे बॉक्सर हा इंग्रज आणि बर्डन अमेरिकन, पण अमेरिकेत चालते ती इंग्रजाची पद्धत.)

'रात्रभर तेलात बुडवा, टोपी मरते' हा सल्ला आमच्याकडेही फिरायचा. टोपीवर लाख असते ती कशासाठी? तेल-पाणी आत जाऊ नये म्हणूनच. एखादी मरेल, शेजारची जिवंत राहील, आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतील. पाण्याचं तर आणखी फसवं. कारखान्यात हा मसाला ओलाच हाताळतात, कारण ओला असताना तो शांत असतो. वाळला की पुन्हा तिखट. लॅम्पसाठी ड्रिल मारणं किंवा तापवून डाग (सोल्डर) देणं म्हणजे तर टोपीला आमंत्रणच.

आमच्या एका सहकाऱ्याने, नोकरीत नवीन असताना, अशीच एक 'खराब' पुंगळी लाकडी ठोकळ्यावर उलटी धरून आतून खिळा ठोकला. आवाज दिवाळीतल्या टिकल्यांच्या बंदुकीपेक्षा थोडा मोठा, एवढंच. आम्ही हसलोसुद्धा. मग त्याने तळहात उघडला. अंगठ्याच्या बुडाशी तांदळाएवढी चीर होती आणि टोपीचा तुकडा आत गेलेला. डोळा वाचला तो त्याने मान वळवली होती म्हणून.

दुसरी बाजू कायद्याची. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये 'दारूगोळा' या शब्दात दारूगोळ्याचे भागही येतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याशिवाय दारूगोळा बाळगण्याची किमान शिक्षा दोन वर्षं झाली आहे. वारसाहक्काने ट्रंकेत सापडलेली वस्तू आणि माहीत असून ठेवलेली वस्तू यांत फरक आहे, पण तुम्हाला ती आता माहीत झालीय. आणि टोपी काढली तर ती सुटी टोपी कुठे टाकणार? ओल्या कचऱ्यात की सुक्या?

तेव्हा असं करा. एकमेकांवर आपटणार नाहीत अशा, जुन्या कपड्यात वेगवेगळ्या गुंडाळून एका खोक्यात ठेवा, गॅसपासून आणि पोरांपासून लांब. स्वतः लोकलने, टॅक्सीने घेऊन जाऊ नका. जवळच्या पोलीस ठाण्यात रिकाम्या हाताने जा किंवा ११२ ला फोन करा. साधा अर्ज लिहा: कुठे, कधी, कोणत्या ट्रंकेत, किती नग, आजोबा लष्करात असतील तर त्यांच्या कागदाची प्रत. नेण्याची व्यवस्था ते करतील, गरज वाटली तर बॉम्बशोधक पथक बोलावतील. अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्याच. 'ठेवून जा हो' म्हणाले तरी पोच सोडू नका. ठाणे अंमलदाराची ड्युटी रात्री बदलते, कागद बदलत नाही.

लॅम्पचं म्हणाल, तर लेथ असलेल्या कुठल्याही कारागिराकडून भरीव पितळी सळईची पुंगळी वळवून घ्या. लांबी ५६ मिलिमीटर, मागच्या कडेचा व्यास पावणेचौदा. खोक्यात बांधायच्या आधी फोटो काढून ठेवा, तळावरची अक्षरं त्यावरून कोरता येतील.