प्राँगहॉर्नचा स्कोअर 80 म्हणजे शिंग 80 इंच लांब का? आणि नुसतं लांबून बघून कसं सांगतात?

नाही हो, प्राँगहॉर्न म्हणजे अमेरिकेतल्या माळरानावरचा हरणासारखा प्राणी, त्याला 80 इंचाचं शिंग कुठून येणार, 15-16 इंच भरलं तरी इथले लोक गाडी थांबवून बघतात. तुमचा भाऊ मोंटानात शिकारीला गेला आणि फोटो टाकून "80 चा आहे" म्हणाला ना, तो आकडा म्हणजे दोन्ही शिंगांच्या सगळ्या मापांची बेरीज. मी व्हायोमिंगला राहतो, बंदुकीला हात लावत नाही, पण सप्टेंबर लागला की ऑफिसात दुसरा विषयच नसतो आणि मित्राच्या गॅरेजमध्ये टेपचं दुसरं टोक धरायला मीच, त्यामुळे हे गणित पाठ झालंय.

पद्धत बून अँड क्रॉकेट क्लबची, म्हणजे थिओडोर रूझवेल्टने 1887 ला काढलेला तो क्लब, आत्ताची मोजणी मात्र 1950 पासूनची. एका शिंगाची सहा मापं घ्यायची: बाहेरच्या वळणावरून बुडापासून टोकापर्यंत लांबी, पुढे आलेला फाटा, आणि चार जागचा घेर. पहिला घेर बुडाशी, बाकीचे तीन कुठे घ्यायचे तर जे शिंग जास्त लांब त्याचे चार सारखे भाग करून त्या खुणांवर. आता खूण नेमकी फाट्याच्या फुगवट्यावर आली तर फुकटचे इंच मिळतील म्हणून दुसरा घेर फुगवट्याच्या खाली सरकवतात आणि तिसरा वर. दोन शिंगांमधलं अंतर फॉर्मवर लिहितात पण बेरजेत धरत नाहीत. सगळं 1/8 इंचापर्यंत, आणि यावरून गॅरेजमध्ये जे वाद होतात ते विचारू नका.

एक उदाहरण घ्या. लांबी 15, फाटा 5 4/8, घेर 6 4/8, 6 2/8, 4 आणि 2 6/8, झाले 40. दुसरं शिंग हुबेहूब तसंच निघालं तर 80. यात गंमत बघा, चार घेर मिळूनच साडेएकोणीस इंच, लांबीपेक्षा जास्त! नवखा माणूस उंचीला भुलतो, 17 इंचाचं पण काडीसारखं शिंग बघून उड्या मारतो आणि टेप लावल्यावर 73-74 ला गाडी अडकते. मला विचाराल तर आधी जाडी बघा, मग फाटा, लांबी सगळ्यात शेवटी.

लांबून बघताना टेप म्हणजे त्याचा कान. कान साधारण 6 इंच धरतात, म्हणून शिंग अडीच कान भरलं तर 15 च्या आसपास. टोकं आत किंवा मागे वळलेली असली तर ती लांबी समोरून दिसतच नाही, त्यामुळे तो बाजूला वळेपर्यंत दुर्बिणीला डोळा लावून बसायचं. बुडाची रुंदी डोळ्याशी ताडून बघा, बाजूने बघताना बूड डोळ्यापेक्षा ठसठशीत रुंद दिसलं पाहिजे. फाटा कानाच्या टोकाच्या वर फुटलेला असला तर चांगलं, कारण मग जाड भाग वरपर्यंत जातो. आणि फाट्याचं माप शिंगाच्या मागच्या कडेपासून धरतात, त्यामुळे पुढे तीनच इंच दिसला म्हणून नाक मुरडू नका, टेपवर तो पाचच्या वर जाऊ शकतो. दुपारी मात्र माळावर ऊन असं थरथरतं की सगळेच नर मोठे वाटतात, तेव्हाच्या अंदाजावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

भावाने सांगितलेला आकडा कच्चा असणार हेही लक्षात घ्या. अधिकृत मोजणी 60 दिवस शिंगं वाळल्यावर, कारण वाळताना ती थोडी आक्रसतात. हे शिंग म्हणजे हाडाच्या खुंटावर चढलेली खोळ, आणि ती दरवर्षी गळून नवी येते, आपल्या काळविटासारखं एकच शिंग जन्मभर नाही. (काळविटाचं नाव काढलंच आहे तर, आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकार बंद, तेव्हा हे सगळं फक्त अमेरिकेपुरतं.) शिवाय डाव्या-उजव्यातला फरक वजा होतो, एक फाटा मोडका असला की चांगला 82 चा 78 व्हायला वेळ लागत नाही.

क्लबच्या तीन वर्षांच्या यादीत यायला 80 लागतात, कायमच्या रेकॉर्डबुकात 82. धनुष्यबाणवाल्यांचा पोप अँड यंग क्लब वेगळा, तिथे 67 पुरतात. न्यू मेक्सिकोत 2013 साली मारलेला एक 96 4/8 भरला होता, तो विक्रम.

तुम्ही टाकलेल्या फोटोत त्याने हात लांब करून मुंडकं कॅमेऱ्यापुढे धरलंय, त्यामुळे सगळंच फुगून दिसतंय. कानाशी ताडलं तर लांबी 14 च्या आत वाटते, फाटे बरे आहेत, वरची अर्धी शिंगं बारीक. माझा अंदाज 73 ते 75. त्याला बाजूने, कान दिसेल असा एक फोटो मागा, मग नक्की सांगतो.